शपथेचे मराठी

"व्हेटोचं तेवढं परत एकदा सांगा, भाऊ," अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांच्यापुढे ताटात निवडायला घेतलेली मेथी होती आणि माझ्यापुढे नागरिकत्वाच्या परीक्षेचे प्रश्न.

"काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, एखादं विधेयक मंजूर केलं तरी राष्ट्राध्यक्ष ते नाकारून परत पाठवू शकतो. त्या अधिकाराला व्हेटो म्हणतात."

"म्हंजे सगळ्यांनी व्हय म्हटल्यावर एकट्यानं न्हाई म्हणायचं."

"बरोबर."

"आमच्या सासूबाईंकडं हुता तो. त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं, एवढाच फरक."

"पण तो शेवटचा शब्द नसतो. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश सभासद विरुद्ध गेले, तर व्हेटोही रद्द होतो."

"आम्ही चौघी जावा. तिघी एक झालो तरी सासूबाईंचंच चालायचं."

"तीन चतुर्थांश म्हणजे पुरेसं बहुमत होतं तुमच्याकडे."

त्यांनी एक काडी बाजूला टाकली. "तवा कुणी सांगितलं न्हाई."

मी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि सगळी उमेद साखर कारखान्यांच्या बॉयलरांवर खर्च केली. निवृत्तीनंतर मुलाकडे ओहायोत आलो. तिथल्या मराठी मंडळातल्या वृद्ध माणसांची नागरिकत्वाची मुलाखत आली, की त्यांचा अभ्यास घेण्याचे काम हळूहळू माझ्याकडे आले. अनेक वर्षे तिथे काढलेल्या आणि इंग्रजी न येणाऱ्या वृद्धांना ही मुलाखत आपल्या भाषेत देता येते. दुभाषा मात्र स्वतःचा आणावा लागतो. मी शिकवतही असे आणि दुभाषा म्हणून बरोबर जातही असे. भाषांतराची माझी पद्धत यंत्राच्या आराखड्यासारखी होती. मूळ आराखड्यात जितके बोल्ट असतील तितके उतरवायचे. एकही पदरचा घालायचा नाही आणि एकही गाळायचा नाही.

अनसूयाबाई फडतरे सातारा जिल्ह्यातल्या, कोरेगावकडच्या एका लहान गावातल्या. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. त्यांची मुलगी छाया इस्पितळात परिचारिका होती. तिचे लग्न मोडले तेव्हा नात सई पाळण्यात होती, म्हणून आईला बोलावून घेतले. आईने सईला वाढवले. यजमान गणपतराव मात्र गाव सोडून आले नाहीत. "एक जण तिथं असायलाच पायजे," एवढेच त्या सांगत. शेती असेल, गुरे असतील, असा माझा समज होता.

त्यांच्या ग्रीन कार्डावर अमेरिकेत कायम राहता येत होते. पण बाहेर फार काळ राहिले की ते कार्ड धोक्यात येते. एकदा गणपतरावांना अर्धांगाचा झटका आला. अनसूयाबाई गेल्या आणि जवळजवळ वर्षभर राहिल्या. परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्यांना बाजूला बसवले आणि बजावले, की पुन्हा असे केलेत तर कार्ड जाईल. एकीकडे सई, दुसरीकडे यजमान. त्यानंतर काही वर्षे त्यांनी मोठ्या मुक्कामाचे नाव काढले नाही. पंधरवड्यासाठी जायच्या आणि यायच्या. नागरिकत्व मिळाले तर हवे तितके दिवस गावी राहून परत येता येणार होते. त्यासाठीच हा सगळा अभ्यास चालला होता. अमेरिकेचे त्यांना कौतुक नव्हते आणि राग तर मुळीच नव्हता.

शिकवायला त्यांच्यासारखी माणसे कमी मिळतात. पाठ करण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. प्रत्येक शब्द आधी आपल्या घरात फिरवून आणायच्या आणि मगच ठेवून घ्यायच्या. 'चेक्स अँड बॅलन्सेस' मी त्यांना बॉयलरवरून समजावले. आग घालणारा वेगळा, पाणी सोडणारा वेगळा, आणि दाब हाताबाहेर गेला तर सुरक्षा झडप आपोआप उघडते, कुणाची परवानगी मागत नाही. सरकारच्या तीन शाखा एकमेकींना अशाच आवरतात.

"म्हंजे कुणाचाच कुणावर इस्वास न्हाई," त्या म्हणाल्या.

"विश्वास नाही असं धरून बांधलेलं यंत्र जास्त टिकतं, बाई."

"यंत्राचं ऱ्हाऊ द्या. घर चाललं असतं का असं?"

सिनेट आणि प्रतिनिधिगृह अशी दोन सभागृहे कशाला, हे त्यांना आधी पटेना. एकाने घाईत केलेले दुसऱ्याने थांबून पाहावे म्हणून, असे मी सांगितले. त्यावर, "मग आमच्या ग्रामपंचायतीत पण पायजे हुतं दुसरं घर. गटारीवर रस्ता बांधला, आन मग रस्त्यात गटार खणली," असे म्हणून त्या हसल्या. सई तिच्या खोलीतून इंग्रजीत विचारी, "आजी, व्हॉट्स सो फनी?" आणि आजी मराठीत उत्तर देई, "तुझं सरकार."

शपथेचा भाग मी नेहमीच शेवटी शिकवायला घेतो. प्रश्नोत्तरे संपली, की शपथेचा संपूर्ण मजकूर मराठीत वाचून दाखवतो. माणूस कशावर हात वर करणार आहे, हे त्याला आधी कळले पाहिजे. त्या आठवड्यात छाया मला गाडीतून घरी सोडत होती. गाडी सिग्नलला थांबलेली असताना ती म्हणाली, "काका, शपथेचं आईला फार खोलात सांगू नका."

"का?"

"अडेल ती तिथे."

"कशावर अडेल?"

"अडेल, एवढंच सांगते. सगळे लोक म्हणतातच ना ती. कुणी लक्ष देतं का? आणि सांगायचंच असलं तर जरा सौम्य सांगा. 'त्याग करते' कशाला? 'देश बदलते' म्हणा."

"मूळ शब्द तसा नाही, छाया."

"मूळ शब्द तिला कुठे कळणार आहे?"

"म्हणूनच तर मला तो तसाच सांगितला पाहिजे."

सिग्नल हिरवा झाला. माझ्या दारात उतरवताना ती म्हणाली, "तुमचंही बरोबर आहे." तिच्या आवाजात राग नव्हता. रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा तो थकलेला आवाज होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अनसूयाबाईंना शपथ वाचून दाखवली. "मी शपथेवर जाहीर करते, की आजवर मी ज्या कोणत्याही परकीय राज्याची वा सार्वभौम सत्तेची प्रजा अथवा नागरिक होते, तिच्यावरील सर्व निष्ठेचा मी संपूर्णपणे आणि निःशेष त्याग करते." पुढे संविधानाचे रक्षण, शत्रूंपासून देशाचा बचाव, कायद्याने सांगितल्यास शस्त्र उचलणे. त्यांनी हातातले काम थांबवले होते.

"पयलं वाक्य परत वाचा."

मी वाचले.

"परकीय म्हंजे कोण?"

"तुमच्या बाबतीत, भारत."

"त्यांच्या बाजूनं परका."

"शपथ घेतल्यावर, कागदोपत्री तुमच्याही बाजूने."

"आन निःशेष म्हंजे?"

"मागे काहीही न ठेवता."

"भांडं घासल्यागत," त्या म्हणाल्या. मग उठून त्यांनी चहाचे आधण ठेवले आणि माझ्याकडे पाठ करून विचारले, "पण हे म्हटल्यावर गावाला किती बी दिवस राहता येतंय ना? कुणी काय म्हणत न्हाई?"

"कुणी काही म्हणणार नाही."

"मग म्हणायचं."

मुलाखत कोलंबसच्या कार्यालयात होती. छाया बाहेर बसली. आत टेबलापलीकडे एक मध्यमवयीन अधिकारी बाई होत्या. बोलणे मृदू, कामाची पद्धत नेमकी. प्रथम त्यांनी मलाच उभे करून शपथ दिली. जे बोलले जाईल तेच भाषांतरित करीन, सल्ला देणार नाही, भर घालणार नाही. मग अनसूयाबाईंना शपथ दिली आणि प्रश्न सुरू झाले.

"मंत्रिमंडळ काय करतं?"

"राष्ट्राध्यक्षाला सल्ला देतं. ऐकायचं का न्हाई, ते त्याच्यावर."

मी जसेच्या तसे सांगितले. अधिकारी बाईंनी खूण केली.

"कायद्याचं राज्य म्हणजे काय?"

"कायद्यापुढं सरपंच बी उभा राहतो. त्याला कुणी खुर्ची देत न्हाई."

हेही मी तसेच सांगितले. सरपंच म्हणजे गावाचा निवडलेला प्रमुख, हे विचारल्यावर सांगितले. अधिकारी बाई हसल्या. "उत्तर बरोबर आहे. मी ऐकलेल्यांतलं सर्वांत चांगलं," त्या म्हणाल्या आणि मी तेही मराठीत सांगितले. अनसूयाबाईंनी पदर सारखा केला. राज्यशास्त्राची परीक्षा त्या एकाही चुकीशिवाय उत्तीर्ण झाल्या.

त्यानंतर शपथेवरचे प्रश्न येतात. ते बहुतेकदा भराभर आटोपतात. संविधानाला पाठिंबा आहे ना? हो. शपथ समजली आहे ना? हो.

"कायद्याने तशी वेळ आली तर या देशाच्या वतीने शस्त्र उचलायची तुमची तयारी आहे का?"

मी विचारले. अनसूयाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या, मग अधिकारी बाईंकडे वळल्या.

"कुणावर?"

मी ते सांगितले. अधिकारी बाई म्हणाल्या, "या देशाच्या शत्रूवर. तो जो कुणी असेल तो."

"त्यो कोण, ते पुढं ठरणार?"

"हो. ते काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष ठरवतील."

"आन मी आधीच व्हय म्हणायचं."

"प्रश्न तोच आहे."

खोलीत उष्ण हवा सोडणाऱ्या यंत्राचा आवाज होता. अनसूयाबाईंनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले आणि सावकाश बोलू लागल्या. मला एकेका वाक्याला थांबता यावे म्हणून त्या थांबत होत्या. तशी सवय मीच त्यांना लावली होती.

"माझा थोरला पलटणीत हुता."

मी भाषांतर केले.

"संपत त्याचं नाव. वर सीमेवर, बर्फात गेला. पेटी आली तिच्यावर झेंडा हुता. झेंडा घडी घालून माझ्या हातात दिला. पोराला बघू दिलं न्हाई."

वाक्ये मी पुरी केली. त्यांच्याकडून शब्द घेऊन, अधिकारी बाईंपुढे ठेवेपर्यंत, ती बातमी माझ्यासाठीही नवीनच होती. इतके दिवस जावांच्या, सासूच्या, पंचायतीच्या गोष्टी ऐकल्या होत्या. यजमान गाव का सोडत नाहीत, ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळले.

"शाळेच्या पटांगणात त्याच्या नावाचा दगडी खांब हाय. त्याचे वडील रोज सकाळी तो धुतात. अर्धं अंग गेलंय तरी धुतात. मला तिथं जाऊन राहायचं हाय, म्हणून मी ही शपथ घ्याय आलीय. तर बाईंना इचारा, संपतच्या पलटणीवर हत्यार उचलायला सांगितलं तर?"

अधिकारी बाईंनी लेखणी खाली ठेवली. "त्यांना सांगा, मला फार वाईट वाटतं. हे दोन देश शत्रू नाहीत. आणि त्यांच्या वयाच्या माणसाला कुणीही शस्त्र उचलायला सांगणार नाही."

मी सांगितले.

"वयाचं मी कुठं इचारलं? शपथेला वय असतंय व्हय?"

मी तेही सांगितले. अधिकारी बाईंनी लेखणी परत हातात घेतली. मग म्हणाल्या, "उत्तर हो किंवा नाही असंच द्यावं लागतं. त्यांना हवा तितका वेळ घेऊ द्या."

अनसूयाबाई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही सांगा. काय म्हणू?"

आयुष्यात इतक्या सोप्या भाषेत कुणी मला काही विचारले नसेल. मी अधिकारी बाईंना इंग्रजीत सांगितले, "उत्तर काय द्यावं, असं त्या मला विचारत आहेत."

"उत्तर त्यांचंच असलं पाहिजे, असं त्यांना सांगा."

"उत्तर तुमचंच असलं पाहिजे," मी मराठीत म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना तेच अपेक्षित होते. काचेच्या दारापलीकडे छाया पाठमोरी बसलेली दिसत होती. अनसूयाबाई तिच्या पाठीकडे बराच वेळ पाहत होत्या.

"व्हय," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "येस."

शपथविधीला सभागृह भरले होते. त्या दिवशी दुभाष्याचे काम नव्हते. शपथ इंग्रजीतच होती, सगळ्यांनी मिळून म्हणायची. अनसूयाबाई उजवा हात वर करून उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ इंग्रजी वाक्यांबरोबर हलत नव्हते. ते वेगळ्याच लयीत, मराठीत हलत होते. मी बाजूच्याच रांगेत होतो. 'निःशेष' एवढा एकच शब्द मला स्पष्ट ऐकू आला. नंतर प्रत्येकाला छोटा कागदी झेंडा मिळाला. लोक तो हलवून फोटो काढत होते. सईने आजीचा फोटो काढला. त्यात आजीने तो झेंडा छातीशी, सरळ उभा धरलेला आहे.

पुढच्या दिवाळीनंतर त्या गावी गेल्या, अमेरिकेचा निळा पासपोर्ट आणि मूळच्या भारतीयांना मिळणारे भारतात येण्याजाण्याचे कार्ड घेऊन. जानेवारीत माझ्या पुतण्याचे लग्न साताऱ्यात होते. छायाने आईची रक्तदाबाची औषधे माझ्याबरोबर दिली. पंचवीस तारखेला संध्याकाळी मी त्यांच्याकडे पोहोचलो. गणपतराव ओसरीवर खाटेला टेकून बसले होते. डावा हात मांडीवर निपचित, पण नजर तीक्ष्ण. "तिकडचं सरकार शिकवणारे ते तुम्हीच व्हय?" त्यांनी विचारले. "हिनं हितं येऊन सरपंचाला व्हेटो शिकवला. त्यो आता कुणाचंच ऐकत न्हाई."

सकाळी आम्ही शाळेच्या पटांगणात गेलो. काळ्या दगडाचा खांब धुऊन पुसून ठेवलेला होता. संपत गेल्यापासून त्या गावात सव्वीस जानेवारीचा झेंडा त्याच्या आईच्या हस्ते होत असे. ती अमेरिकेत असली, की वडील दोरी ओढत. इतक्या वर्षांनी वीरमाता स्वतः गावात आहे म्हणून गाव जास्तच जमले होते. सरपंच तरुण होता, ध्वनिक्षेपकावर त्याने आदराने पुकारले, "वीरमाता अनसूयाताई फडतरे यांना विनंती."

अनसूयाबाई बायकांमध्ये सतरंजीवर बसल्या होत्या. उठल्या नाहीत. सरपंचाने पुन्हा पुकारले. शेजारणीने कोपराने ढोसले. अनसूयाबाईंनी मान हलवून नको म्हटले. लोकांना वाटले, बाईंना भरून आले असेल. बाई थकली, असे कुणीतरी म्हणाले. मी जवळच खुर्चीवर होतो. वाकून मी हळूच म्हणालो, "बाई, दोरी ओढायला तुम्हाला कसलीही मनाई नाही. माझ्या माहितीत तरी असा कुठलाच कायदा नाही."

"कायद्याचं न्हाई, भाऊ. मी तिथं हात वर करून काय बोलले, ते मला ठाऊक हाय."

"ते एवढं..." मी म्हणालो.

"एवढं काय? मराठीत तुम्हीच सांगितलंत. मागं काय ठेवायचं न्हाई म्हणून. आता हितल्या झेंड्याला हात लावून मी तिथलं खोटं करू का, का तिथं बोलले म्हणून हितलं खोटं करू?"

गणपतराव उठले. दोघांनी धरून त्यांना झेंड्याच्या काठीपाशी नेले. एका हाताने गाठ सुटेना. शाळेचे शिपाई पुढे झाले, पण गणपतरावांनी त्यांना मागे सारले. दोरीचे टोक दातांत धरून उजव्या हाताने त्यांनी हिसडा दिला. झेंडा उघडला, झेंडूच्या पाकळ्या त्यांच्या टोपीवर पडल्या. राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले. अनसूयाबाईही उभ्या राहिल्या. हात बाजूला, डोळे दगडी खांबावर. या वेळी त्यांचे ओठ हलले नाहीत.

दुपारी ओसरीवर गणपतरावांनी मला जवळ बसवून घेतले. उशीखालून अनसूयाबाईंचा निळा पासपोर्ट काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "मला वाचता येत न्हाई हे. ती विचारलं तर सांगत न्हाई. तुम्ही सांगा, ती तिथं काय बोललीय."

मी त्यांना संपूर्ण शपथ मराठीत सांगितली. ती मला पाठ होती. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"म्हंजे ती आता हितली न्हाई."

"कागदोपत्री नाही."

"आन हितं यायचं तर?"

"त्याचं कार्ड आहे त्यांच्याकडे. कायमचं आहे. काळजीचं कारण नाही."

"कार्ड कोण देतंय?"

"आपलं सरकार."

ते पटांगणाच्या दिशेला पाहत होते. तिथून झेंड्याचे टोक दिसत होते, वाऱ्यावर मधूनच वर येणारे.

"म्हंजे पोराजवळ बसायचं तर त्याच्या आईला आता सरकारला इचारावं लागणार," ते म्हणाले. "पोराला नेताना सरकारनं तिला इचारलं नव्हतं."

आत भाकरीचा आवाज थांबला. मग तो पुन्हा सुरू झाला.